सातशे शाळांचं गाऱ्हाणं

चिंचमळवाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत नेटवर्क एकाच ठिकाणी मिळायचं. पूर्वेच्या खिडकीत, डावीकडून दुसऱ्या गजापाशी. फोन वीतभर हलला की गेलंच. म्हणून शालिनी गावसबाईंनी भागीरथीकडून तांदूळ मोजायचं माप मागून आणलं, ते तांदळाने काठोकाठ भरलं, खिडकीत ठेवलं आणि तांदळात फोन उभा खोचला.

"बाई, देवाचो कळस मांडल्यासारको दिसता मगे," भागीरथी म्हणाली. ती महिला मंडळातर्फे मुलांना पाव-भाजी आणून द्यायची, आणि शाळेतल्या प्रत्येक गोष्टीवर आपलं मतही द्यायची.

"कळस नाही, व्हीसी आहे," बाई म्हणाल्या.

परिपत्रक आठवड्यापूर्वी आलं होतं. राज्यातल्या सातशे सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांनी मंगळवारी अकरा वाजता आपापल्या जागेवरून व्हिडिओ परिषदेला हजर राहायचं. विषय क्रमांक चार : दहापेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा जवळच्या शाळेत विलीन करणे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'परिषदेत ज्या गोष्टीला होय म्हटले जाईल ती मंजूर समजावी. इतिवृत्त त्याच दिवशी निघेल. नंतर काहीही ऐकून घेतले जाणार नाही.'

चिंचमळवाड्यावर मुलं नऊ होती. जवळची शाळा साडेतीन किलोमीटरवर, आणि तीही खाणीचे ट्रक धावतात त्या रस्त्याच्या पलीकडे. पहिलीतली सोनम तर अजून घरामागचा ओहोळ ओलांडायलाही आईचा पदर धरायची. बाईंना आपली बाजू मांडायला दोन मिनिटं मिळणार होती. त्यांनी लिहिलेला कागद घड्याळ लावून वाचला तर एक मिनिट पन्नास सेकंद भरायचा. उरलेले दहा सेकंद नमस्काराला.

पावणेअकराला बाबाजी गावकर हजर झाले. पालक-शिक्षक संघाचे ते अध्यक्ष, पण त्यांचा खरा मान वेगळाच होता. विहीर खणायची असो, लग्न असो की नवी मोटारसायकल, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते बाबाजींनी, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय वाड्यावर कशालाच सुरुवात होत नसे. आजही त्यांच्या हातात नारळ होता.

"काका, हे कशाला?"

"कित्याक म्हणजे? आज शाळेचा मरण-जगणा. गाऱ्हाण्याबगर सुरवात करतलंय?"

"अहो, सरकारी परिषद आहे. संचालकसाहेब पडद्यावर येणार."

"येवं दी. तेंचाय बरां जातला."

"बरं, मग अकराच्या आत उरका. आणि जरा हळू आवाजात."

"हळू?" बाबाजींना ते फार लागलं. "देव काय माझ्या खिशात बसलो आसा?"

बाईंनी फोनवरून परिषदेत प्रवेश केला, माइक बंद केला, आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. ते परत आलं, फोन आपला आपण परिषदेत शिरला, आणि शिरताना माइक उघडून बसला. बाईंना याचा पत्ता नव्हता. त्या बाहेर ओसरीवर मुलांना भिंतभर पसरून उभं करत होत्या. "हात कमरेवर ठेवा. कोपरं बाहेर. आणखी बाहेर!" कोपरं काढली की नऊ मुलं बाराजणांची जागा अडवतात, हे त्यांनी कालच ताडून पाहिलं होतं.

इकडे बाबाजी वर्गात शिरले. पूर्वेची खिडकी, त्यात तांदळाने भरलेलं माप, मधोमध काहीतरी चकाकणारं. "बाईन मांडणी मात बेस केल्यान," ते भागीरथीला म्हणाले. त्यांनी नारळ मापापुढे ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले.

त्याच क्षणी राजधानीत संचालकसाहेब भिंतभर पडद्यासमोर बसून म्हणत होते, "नमस्कार. आज आपण सर्वजण एका नव्या युगात..."

त्या यंत्रणेची एक खोड होती. ज्याचा आवाज मोठा, त्याला सगळा पडदा. साहेब एकाएकी टपालाच्या तिकिटाएवढे झाले आणि भिंतभर बाबाजींचं कपाळ पसरलं. खाली नारळाची शेंडी.

"बा देवी सातेरी, बारा वाटांच्या म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरां एका जाग्यार जमली हत..."

सातशे मुख्याध्यापकांना वाटलं, खात्यानेच ठेवलंय. दर वेळी स्वागतगीत असतं, या वेळी गाऱ्हाणं. सगळे उठून उभे राहिले. पेडण्याच्या एका शाळेतले कृष्णनाथमास्तर माइक कधीच बंद करत नसत. त्यांच्या तोंडून आपसूक गेलं, "व्हय म्हाराजा!" मग डिचोलीतून आवाज आला, फोंड्यातून आला, आणि पुढच्या वाक्याला शेकडो गळे एकदम उठले.

खिडकीतलं माप गर्जलं. भागीरथीच्या हातातली पावांची टोपली खाली बसली आणि तिच्याबरोबर भागीरथीही.

"गे बाय माझे! देव बोललो!"

बाबाजींचे डोळे मिटलेले होते. तीस वर्षं त्यांच्या गाऱ्हाण्याला पाच-दहा आवाज मिळत आले होते. आज साक्षात परिवारासकट देवच साथ देतोय म्हटल्यावर त्यांचा आवाज आणखी चढला.

"जे कोण ह्या शाळेक कुलूप लावूक बघतत, तेंका बरी बुद्धी दी! ही नऊ भुरगीं तुझी. ह्या शाळेचा दार कधी बंद करू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हा मनुष्य कोण आहे?" साहेब ओरडले. "संदीप! म्यूट कर!"

यंत्रं सांभाळणाऱ्या संदीपने घाबरून 'सर्वांना म्यूट' हे बटण दाबलं. सर्वांमध्ये साहेबही आले. ते दोन मिनिटं हातवारे करत बोलत राहिले, आणि सातशे शाळांना साहेब ओठांतल्या ओठांत प्रार्थना करताना दिसले. पण चिंचमळवाड्यावर नेटवर्क पुन्हा जाऊन आलं आणि फोन पुन्हा माइक उघडून बसला. मुख्याध्यापकांनीही आपापले माइक पुन्हा उघडले. गाऱ्हाणं अर्ध्यावर आणि 'व्हय' म्हणायला कोणी नाही, हे पाप आपल्या डोक्यावर कोण घेणार?

त्यात कृष्णनाथमास्तरांना राहवेना. "आनी म्हाराजा, आमच्या शाळेची बोरिंग तीन वर्सां सुकी आसा, तिका पाणी येवं दी!"

"व्हय म्हाराजा!"

मग बांध फुटला. कोणाला कपाट हवं होतं, कोणाची कौलं गळत होती. तेरेखोलकडच्या एक बाई म्हणाल्या, "फेरीबोट चुकली काय शाळा चुकता रे म्हाराजा, माका थंयच एक खोली मेळूं दी!" शेवटी कुठूनसा एक थकलेला आवाज आला, "दर आठवड्याक नवो फॉर्म भरून घेतत, ता बंद कर रे म्हाराजा!" त्याला जो 'व्हय' झाला, त्याने खिडकीचे गज थरथरले.

तो आवाज ऐकून शालिनीबाई धावत आल्या. त्यांनी फोनचा पडदा पाहिला आणि त्यांच्या लक्षात सगळं आलं. "काका, पुरे!" त्या म्हणाल्या, पण अगदी बारीक आवाजात. गाऱ्हाणं मध्येच तोडायचा धीर त्यांनाही नव्हता. त्यांनी हात जोडले.

संदीपला साहेबांचं बटण सापडलं, ते नेमकं तेव्हा. साहेब मूळचे पेडणे तालुक्यातले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी दर दसऱ्याला हेच ऐकलं होतं. संतापाने ते तोंड उघडतात, तोच बाबाजींचं शेवटचं वाक्य कानावर पडलं.

"हंय जा जा मागला, ता ता सगळा पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेब म्हणाले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. त्यामुळे भिंतभर तेच पसरले, डोळे मिटलेले, हात जोडलेले.

शाळांना वाटलं, परिषद झाली. सगळ्यांनी नमस्कार केला आणि सातशे चौकटी पटापट विझल्या.

दुपारी साहेबांच्या कार्यालयात इतिवृत्त लिहिणाऱ्या सुलोचनाबाईंनी टंकलेलं इतिवृत्त त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात चौदा ठराव होते.

"हे काय?"

"मंजूर झालेल्या गोष्टी, सर. तुमच्याच परिपत्रकाप्रमाणे."

"अहो, ती प्रार्थना होती!"

"तुम्ही 'होय' म्हटलंत. रेकॉर्डिंग आहे."

"खोडा ते सगळं."

"खोडते." सुलोचनाबाईंनी पेन साहेबांपुढे धरलं. "फक्त देवाला 'व्हय' म्हणून खाली 'नाही' लिहायचं, तेवढं तुम्ही आपल्या हाताने लिहा. माझी निवृत्ती जवळ आलीय, मला कसली बाधा नको."

साहेबांनी पेन पहिल्या ठरावावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. मग त्यांनी सही केली.

चिंचमळवाड्यावर शालिनीबाईंची मात्र खात्री होती, की उद्या निलंबनाचा आदेश येणार. दुसऱ्या दिवशी मुलं पाव-भाजी खात असताना खिडकीतला फोन वाजला.

"संचालक बोलतोय."

"सर, चूक माझीच. तो माइक..."

"तुमची शाळा राहिली, बाई. इतिवृत्त पोचलं नाही का?" बाई खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या. पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "ते कालचे गृहस्थ आहेत का तिथं? उद्या अकराला वरिष्ठांबरोबर माझी व्हीसी आहे. आमचं कार्यालय दुसऱ्या एका कार्यालयात विलीन करायचं चाललंय. आमच्याकडे माणसं कमी आहेत म्हणे."

बाबाजी कालचा नारळ न्यायला आलेच होते; त्यांनी मापाजवळ तोंड नेलं. "घालूया की गाऱ्हाणा. पूण 'व्हय' म्हणूक माणसां जाय. तुमगेर कितकीं आसत?"

"वरिष्ठांसमोर कोण तोंड उघडणार? मी एकटाच."

"मगे हंयचीं भुरगीं म्हणतली. नऊ आसत."

 

"नऊ पुरतील?" साहेबांनी काळजीने विचारलं.

शालिनीबाईंनी ओसरीकडे पाहिलं. सोनम पावाचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवत होती. कोपर छान बाहेर काढून.

"पुरतील, सर," बाई म्हणाल्या. "नऊ पुष्कळ झाली."