परंतुसाहेबांचं परिशिष्ट

दुपारी सव्वा वाजता काकूंच्या पोटात कळ आली, आणि एक वाजून सोळा मिनिटांनी परंतुसाहेबांनी ती वेळ वहीत टिपून ठेवली.

"अहो, मरतेय मी," सोफ्याची कड घट्ट धरून काकू म्हणाल्या.

"उजवीकडे की डावीकडे?"

"उजवीकडे! आधी पाणी द्या."

"वरच्या अंगाला की खालच्या?"

काकूंनी हाताशी होती ती उशी फेकली. ती साहेबांच्या खांद्याला लागली. "उजवीकडे, वरच्या अंगाला, तीव्र," एवढं लिहून झाल्यावर साहेब पाणी आणायला उठले.

आता एवढ्यावरून कुणी त्यांना पाषाणहृदयी म्हणेल. तसं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीच्या दावे विभागात काढली होती, आणि तिथे त्यांच्याकडे एकच काम होतं, आलेल्या दाव्यात खोट शोधायची. कुणाचं दुकान जळालेलं असायचं, कुणाचा पाय मोडलेला असायचा. साहेब फाइल वाचायचे, चष्मा पुसायचे आणि शेरा लिहायचे, "अपघात झाला हे खरे, परंतु..." त्या 'परंतु'नंतर कुठलाही दावा पुन्हा उठून उभा राहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव परंतुसाहेब पडलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण जित्याची खोड ती, निवृत्तीच्या निरोपसमारंभात थोडीच जाते?

सहा आठवड्यांसाठी दोघं परदेशात मुलीच्या घरी आली होती. जावई कामाच्या दौऱ्यावर होता आणि मुलगी आतल्या खोलीत बसून ऑफिसची मीटिंग करत होती. उशी पडल्याच्या आवाजाने नाही, पण आईच्या किंकाळीने ती धावत बाहेर आली.

"आई! काय होतंय? बाबा, गाडीची किल्ली द्या, तुमच्या मागेच आहे."

"आधी विमा कंपनीला कळवायला हवं. कलम सात."

"बाबा, किल्ली!"

गाडीत साहेब मागच्या सीटवर काकूंच्या शेजारी बसले आणि त्यांनी प्रवासविम्याची पॉलिसी उघडली. गतिरोधक आला की काकू कण्हायच्या आणि साहेबांची ओळ चुकायची.

"बघतेस ना ग?" काकू पुढे बसलेल्या मुलीला म्हणाल्या. "मी शेवटचा श्वास घेत असेन तेव्हाही हे उशाशी बसून कलमं वाचतील. सदतीस वर्षं झाली. भिंतीशी बोलले असते तर भिंतीने कधीतरी 'हं' तरी म्हटलं असतं. हे आपले पेपरात डोकं घालून!"

"हं," साहेब म्हणाले. ते कलम अकरा वाचत होते.

हॉस्पिटलात सगळं भराभर झालं. रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली, आणि एका हसऱ्या डॉक्टरणीने बापलेकीला बाजूला बोलावून सांगितलं की पित्ताशयात खडे आहेत, सूज बरीच आहे आणि ते काढायला हवं. आजच. साडेचारला ऑपरेशन थिएटर मोकळं होतं.

"उद्यापर्यंत थांबायची वेळ आली तर मला ते आवडणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. हे सांगताना मात्र ती हसली नाही.

काउंटरवरच्या बाईंनीही कागद पुढे सरकवत नम्रपणे सांगितलं की विमा कंपनीचं हमीपत्र चारच्या आत आलं, तर साडेचारची वेळ पक्की. नाही आलं, तर ती वेळ पुढच्या रुग्णाला जाईल आणि यांचा नंबर उद्या सकाळी. भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस कमी होते.

काकूंच्या खोलीत परत येऊन मुलीने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. फोनवर आपल्याच भाषेत बोलणारी एक तरुण मुलगी आली. पॉलिसी साहेबांच्या नावावर होती, त्यामुळे फोन साहेबांच्या हातात द्यावा लागला. पुढे जे झालं त्याचं मूळ या एका गोष्टीत होतं.

"काका, अजिबात घाबरू नका. आम्ही आहोत. पॉलिसी नंबर सांगता का?"

साहेबांनी चौदा आकडी नंबर न बघता सांगितला.

"वा! आता मला सांगा, काकूंना असा त्रास पूर्वी कधी झाला होता? गेल्या वर्षभरात?"

दुसरा कुणी असता तर "नाही" म्हणून मोकळा झाला असता, आणि ते खरंही होतं. साहेबांनी घसा खाकरला.

"वर्षभरात नाही. पण त्याआधी तीन वेळा. पहिल्यांदा आमची मुलगी दहावीला होती तेव्हा."

"बाबा!" मुलगी दबक्या आवाजात ओरडली.

"काका, मी फक्त वर्षभरातलं विचारलं."

"तिथेच तुमचं चुकतं. पूर्वीचंही विचारायला हवं. हा फॉर्म बनवलाय कुणी?"

"ते... ते बघते मी. काल काकूंनी काय खाल्लं होतं?"

"तळलेले बटाट्याचे काप. तळकट खाऊ नका असं डॉक्टरांनी लेखी दिलेलं असताना. म्हणजे हा निष्काळजीपणात मोडतो. दोन बशा."

"दीड!" पलीकडच्या खाटेवरून काकू कळवळून ओरडल्या. "अर्धी बशी तुम्ही खाल्लीत!"

"दीड बशी," साहेब फोनवर म्हणाले. "दुरुस्ती करून घ्या."

मदतकेंद्रातल्या मुलीने "एक मिनिट हं काका" म्हणून फोनवर संगीत लावलं. ते संगीत अतिशय आनंदी होतं. मुलगी बापाकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"मी खरं तेच सांगतोय. हा दावा माझ्या टेबलावर आला असता ना, तर तीन कारणांनी परत पाठवला असता मी. कलम चार, कलम अकरा, आणि ते बटाट्याचे..."

बोलता बोलता साहेब थांबले. आवाजात आलेला जुना अभिमान त्यांचा त्यांनाच ऐकू आला. समोर खाटेवर काकू डोळे मिटून पडल्या होत्या. हॉस्पिटलचा तो मागून बांधायचा झगा, नाकावर चष्म्याचे नुसते वळ, हाताला टोचलेली सुई. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच, हे साहेबांच्या एकदम लक्षात आलं. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा परंतुसाहेबांना विमा कंपनीची भीती वाटली.

संगीत थांबलं.

"हां काका, बोला."

"ताई," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "तुम्ही हा दावा मंजूर करा."

"काका, मी तेच..."

"नाही, आधी ऐकून घ्या. मंजूर करा, कारण..."

आणि इथे साहेबांची गाडी रुतली. दावा नामंजूर करायची कारणं त्यांना झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती, कलमांसकट. मंजूर करायचं कारण त्यांनी आयुष्यात कधी लिहिलंच नव्हतं.

"कारण ती चांगली बाई आहे," ते म्हणाले.

"बरं."

"खडे काही तिने मुद्दाम केलेले नाहीत."

"नाहीच, काका."

"आणि मला चहासुद्धा करता येत नाही." साहेबांनी जरा विचार केला. "हे शेवटचं लिहू नका."

"काका, तुम्ही आधी बसा बघू कुठेतरी," मदतकेंद्रातली मुलगी म्हणाली. "बसलात? आता मी काय सांगते ते ऐका. तुम्ही मगाशी जे जे सांगितलंत ना, ते सगळं माझ्यासमोर उघडंच आहे. तुम्ही पॉलिसी घेताना प्रस्तावाला परिशिष्ट जोडलं होतंत. एकवीस पानांचं."

"एकवीस पानांचं परिशिष्ट?" फोनजवळ कान आणून उभी असलेली मुलगी म्हणाली.

"कसलं परिशिष्ट?" काकूंनी डोळे उघडले.

साहेब कानापर्यंत लाल झाले. "नियम आहे तसा. आजार लपवायचा नसतो."

"काका, लोक त्या रकान्यात 'काही नाही' असं लिहितात. फार तर दोन ओळी. तुमचं परिशिष्ट आमच्या डॉक्टरांनी पॉलिसी द्यायच्या आधी अख्खं वाचलंय. पित्ताचे तिन्ही प्रसंग त्यात आहेत, तारखांसकट. ते सगळं बघून, हप्ता थोडा वाढवून, आम्ही पॉलिसी दिली. तुम्ही सांगितलंत, आम्ही मान्य केलं. आता नाही कसं म्हणणार?"

एवढा साधा नियम साहेबांना ठाऊक नव्हता असं नाही. पण त्यांच्या टेबलावर यायच्या त्या फक्त संशयाच्या फाइली. सरळ माणसांच्या सरळ फाइली शेजारच्या टेबलावरून परस्पर मंजूर होऊन जात, आणि त्या टेबलावर कोण बसतं हे साहेबांनी चौतीस वर्षांत कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

"फक्त एक पडताळणी राहिली," फोन म्हणाला. "मी दोन-चार नोंदी वाचते, त्या बरोबर आहेत का ते काकूंनी सांगायचं. स्पीकर लावता?"

"त्याची काही गरज नाही," साहेब घाईघाईने म्हणाले. पण मुलीने तोवर फोन हिसकावून स्पीकर लावला होता.

"पान चार. 'पत्नीचा डावा गुडघा जिना चढताना दुखतो. सांगत नाही. कठड्याला हात लावते तेव्हा समजावे.' बरोबर आहे, काकू?"

काकूंनी नुसती मान हलवली.

"पान अकरा. 'आंबट खाल्ल्यावर छातीत जळजळ. तरी खाते. चिंचेचा डबा वरच्या फळीवर ठेवून पाहिला, उपयोग नाही.'"

"तो डबा तुम्ही ठेवला होतात?" काकू पुटपुटल्या. "मी मोलकरणीला बोलले हो!"

"पान सोळा. 'मुलगी परदेशी गेल्यापासून संध्याकाळी डोके दुखते. गोळ्यांचा गुण नाही. मुलीचा फोन आल्यास दहा मिनिटांत उतरते.'"

मुलीने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावायची मोकळी जागा होती. मदतकेंद्रातल्या मुलीचा आवाजही आता जरा ओला वाटला.

"काकू, नोंदी बरोबर आहेत का?"

"बरोबर आहेत," काकू म्हणाल्या. मग साहेबांकडे बघत त्या म्हणाल्या, "पेपरात डोकं घालून हेच चाललं होतं होय तुमचं?"

साहेब चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

हमीपत्र चारला दहा मिनिटं कमी असताना आलं. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचून शिक्का मारला आणि साडेचारला काकूंना आत नेलं. बाहेरच्या बाकावर बापलेक शेजारी शेजारी बसली. साहेबांच्या मांडीवर वही होती, पण त्यांनी ती उघडली नाही. ते फक्त थिएटरच्या दाराकडे बघत होते, आणि मुलीने त्यांचा हात हातात घेतल्याचंही त्यांना बऱ्याच वेळाने कळलं. सहाच्या सुमारास डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा ती पुन्हा हसत होती. साहेब उठून उभे राहिले, तिला काहीतरी सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि सरळ रडायला लागले.

पुढचे दोन दिवस मजेत गेले. मदतकेंद्रातली मुलगी रोज फोन करून चौकशी करायची. काकूंना एवढ्यात विमानप्रवास नको म्हटल्यावर कंपनीनेच दोघांची परतीची तिकिटं पुढे ढकलून दिली. काकू सूप पीत होत्या, नर्सला खाणाखुणांनी उशा नीट लावायला शिकवत होत्या आणि एकूणच तब्येतीने सुधारत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "ते परिशिष्ट द्या बघू इकडे."

"आता कशाला?"

"माझ्यावर लिहिलंय ना? मग वाचते."

साहेबांच्या बॅगेत त्याच्या तीन प्रती होत्या. काकूंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. साहेब खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. आतापर्यंत शेकडो माणसं त्यांच्या टेबलासमोर अशीच उभी राहिली होती, हात कुठे ठेवावेत ते न कळून. काकू वाचताना मधेच हसल्या, एकदा डोळे पुसले, एकदा "अय्या!" म्हणाल्या. साहेबांना हायसं वाटू लागलं. मग त्या नवव्या पानावर थांबल्या.

"हे काय लिहिलंय? 'पत्नी अधूनमधून विनाकारण चिडते.' विनाकारण?"

"ते आपलं... रक्तदाबाच्या संदर्भात."

"कधी चिडले होते मी विनाकारण? तारीख सांगा."

साहेबांनी तारीख सांगितली. महिना आणि वारही सांगितला. काकूंनी एक क्षणभरही विचार केला नाही.

"त्या दिवशी मी कपड्यांच्या दुकानात साडी बघत होते, आणि तुम्ही मला तिथेच विसरून घरी निघून आलात. जेवायला बसलात तेव्हा आठवलं तुम्हाला, वाढायला कुणी नाही म्हणून!"

साहेबांनी कागद परत घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली. खिशातून पेन काढून 'विनाकारण' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला, शेजारी तारीख घातली आणि सही केली. चौतीस वर्षांत त्यांच्या लेखी शेऱ्यात कुणाला चूक काढता आली नव्हती.

"खाडाखोड झाली की दोघांची सही लागते," कागद आणि पेन काकूंपुढे धरत ते पडेल आवाजात म्हणाले. "इथे, समासात."

काकूंनी ठसठशीत सही केली. पण पेन परत दिलं नाही. पेनाचं टोक गालाला टेकवून त्या थोडा वेळ छताकडे बघत काहीतरी आठवत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू फार सुरेख हसू पसरलं.

"अहो, त्या काउंटरवरच्या बाईंकडून मला जरा कोरे कागद आणून द्या."

"किती आणू?"

काकूंनी उशी पाठीशी नीट सरकवून घेतली.

"आता तुमच्यावर लिहायचंय म्हटल्यावर," त्या म्हणाल्या, "अख्खा गठ्ठाच आणा."