पन्नास वर्षे टिकणारी पाटी

आमच्या अकोल्याच्या सहकारी डाळ मिलमध्ये खंडेनवमीच्या पूजेला यंत्राच्या पट्ट्याजवळची पाटी गळून पडली. पाटी कसली, साधे स्टिकर. दरवर्षी डिझेलने पुसायचे आणि वर हळद-कुंकू फासायचे, तर ते बिचारे किती सोसणार? त्यावर 'यंत्र चालू असताना पट्ट्यात हात घालू नये' एवढेच लिहिलेले होते. मी मिलचा भांडारपाल, त्यामुळे पडलेली पाटी माझ्या अखत्यारीत आली.

पट्ट्यावर वीस वर्षे काढलेल्या भागीरथाबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, सोमवारपासून माही सून कामाले येऊन राहिली. प्रणाली. नवी पोरगी हाय, तिले काय समजते? पाटी लावून द्या. तिचे दहाही बोटं मले साबूत पाह्यजे."

मागणी रास्त होती, म्हणून मी समिती नेमली. बाईंना तेवढा धीर कुठला! त्यांनी खडूने यंत्रावर वीतभर अक्षरात लिहून टाकले, 'हात घालू नको'. कोणी हात घातला नाही हे खरे, पण त्या मजकुराला जावक क्रमांक नव्हता. त्या रोज सकाळी आठला लिहायच्या आणि मी रोज दहाला, कार्यालयीन वेळेत, पुसायचो.

अमरावतीहून चार नमुने आले: छापील स्टिकर, रंग चढवलेले अॅल्युमिनियम, लेझरने कोरलेला पत्रा आणि आम्लाने कोरलेले स्टील. चाचणीसाठी आम्ही मे महिन्यापर्यंत थांबलो, कारण ऑक्टोबरच्या उन्हाला अकोल्यात कोणी ऊन म्हणत नाही. मग नमुने गच्चीवर तापवले, डिझेलने घासले, कुंकवात ठेवले. शेवटी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकारीची चाचणी झाली. तिला कर्मचाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशीही स्वेच्छेने हातभार लावला. तीन नमुने या ना त्या चाचणीत नापास झाले. स्टील मात्र जसेच्या तसे राहिले. पन्नास वर्षांची हमी मिळाली. यंत्र तीन वर्षांनी भंगारात जाणार होते, पण तो विषय समितीच्या कक्षेबाहेरचा होता.

पन्नास वर्षे ऐकताच अध्यक्ष खुशालराव खुर्चीत पुढे सरकले.

"इतकी टिकनारी पाटी, आन् तिच्यावर आपलं नाव नाही? काहून?"

प्रश्न बिनतोड होता. अध्यक्षांचे नाव घातले, मग उपाध्यक्ष रुसले. त्यांचे घातले, तर अकरा संचालकांनी काय घोडे मारले होते? त्यामागून समिती आली आणि सदस्य-सचिव म्हणून मीही आलो. यंत्रावर पाटीपुरती जागा वीतभरच होती. खाली जी उरली तीत सूचना बसवली. अक्षर मोहरीएवढे आले, पण कोरीव होते.

अनावरण थाटात झाले. फोटो जिवंत यावा म्हणून पट्टा चालू ठेवला होता. खुशालरावांनी पडदा ओढला, पडद्याचे टोक पट्ट्यात गेले, आणि भाड्याचा पडदा वाचवायला त्यांनी पाठोपाठ हात घातला. बटणाजवळ उभ्या भागीरथाबाईंनी पट्टा बंद केला. झब्ब्याची बाही कोपरापर्यंत गेली, हात तेवढा परत आला.

खुशालरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "इथं काही लिहून ठेवाले काय झालं होतं तुमाले?"

"लिहिलंय साहेब," मी म्हणालो. "आपल्या नावाखाली."

ते वाकले. चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.

"नाव बाकी झ्याक उमटलं," ते म्हणाले.

भागीरथाबाईंनी कनवटीचा खडू काढला. प्रणालीची दहाही बोटे आजवर शाबूत आहेत, आणि मी अजून रोज दहाला पुसतो. नियम तो नियम.

हसताय? हसा. पण लग्नाची पत्रिका हातात आली की तुम्ही आधी तारीख पाहता, की निमंत्रकांत आपले नाव? आणि ते नसले, तर लग्नाला जाता?