सदतीस अंशांची चूक

समाधानच्या स्क्रीनवर नऊशे हिरव्या खुणा बघून रूपालीचं डोकं फिरलं.

"नऊशे टेस्ट, आणि एकही चूक नाही?"

"नाही ना, मॅडम. साइन, कोसाइन, लॉग, सगळं ओके."

"ताडून बघायला बरोबर उत्तरं कुठून आणलीस?"

समाधानला खोटं बोलता येत नसे. "आपल्याच सॉफ्टवेअरमधून. फंक्शन चालवलं, आलेला आकडा टेस्टमध्ये पेस्ट केला."

"म्हणजे पेपर आपणच लिहायचा आणि आपणच तपासायचा!"

"पण मार्क बघा ना किती आले."

द्वारका चौकाजवळच्या त्या तिसऱ्या मजल्यावर जमीन मोजण्याच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. चार वाजता गिऱ्हाईक डेमोला येणार होतं. गणित अचूक असल्याचा पुरावा बाहेरच्या आकड्यांशी ताडून द्यायचा, ही त्यांची लेखी अट होती. रूपालीने पिशवीतून तपकिरी कव्हर घातलेलं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्रिकोणमितीचे तक्ते, सात दशांश स्थळांपर्यंत. तिचे वडील, मोतीराम सर, सायखेड्याच्या शाळेत तीस वर्षं याच पुस्तकावरून शिकवत. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. पुस्तक तेव्हापासून तिच्या पिशवीत होतं. का, ते कोणी विचारलेलं तिला आवडलं नसतं.

"हे चुकत नाही," ती म्हणाली आणि एकेक अंशाचा आकडा टाइप करायला बसली.

बारा वाजता नव्वद आकडे झाले. एकोणनव्वद हिरवे, एक लाल. सदतीस अंशांचा साइन: सॉफ्टवेअर म्हणत होतं ०.६०१८१५०, पुस्तक म्हणत होतं ०.६०१८५१०.

"पुस्तक चुकलंय," समाधान म्हणाला.

"काय म्हणालास?"

"छापताना एक आणि पाच उलटे बसले असतील. मोबाईलवर बघा, तिथंपण आपलाच आकडा येतोय."

"मोबाईलमध्येही तुझ्यासारख्याच कोणीतरी पेस्ट केला असेल! या पुस्तकावर गावातली अख्खी पिढी शिकलीय. तुझ्या नऊशे खुणांवर कोण शिकलंय?"

आवाज ऐकून प्रफुल्ल सर केबिनमधून बाहेर आले. कंपनी त्यांची, आणि घाईही त्यांचीच.

"फरक किती पडतो?"

"शंभर मीटरला साडेतीन मिलिमीटर," समाधान म्हणाला.

"अरे, कांद्याचा पापुद्रा याच्यापेक्षा जाड असतो! समाधान, सदतीस आलं की पुस्तकातला आकडा दाखव. विषय संपला."

विषय संपला नाही. सदतीसचा साइन आणि त्रेपन्नचा कोसाइन सारखा यायला हवा, अशी एक टेस्ट होती. ती लाल झाली. समाधानने त्रेपन्नचा कोसाइन बदलला. मग दोन्ही कोनांच्या साइन-कोसाइनच्या वर्गांची बेरीज एक येईना. मग टॅन बिघडला. टॅन बदलला, तर टॅनवरून उलट काढलेला कोन सदतीसच येईना. अडीच वाजता चाळीस खुणा लाल होत्या आणि प्रफुल्ल सरांचा चेहराही.

"मी म्हणतो, सदतीस अंश काढूनच टाका," ते ओरडले. "छत्तीसनंतर डायरेक्ट अडतीस!"

"आणि शेतकऱ्याचा बांध नेमका सदतीसवर असला तर?" रूपालीही ओरडली. "त्रेपन्नचा कोसाइन पुस्तकात काय दिलाय, ते तरी बघितलंत का कोणी?"

कोणी बघितलं नव्हतं. तिनेही नाही. तिने कोसाइनचं पान काढलं. त्रेपन्न अंश: ०.६०१८१५०.

पुस्तक समाधानच्या बाजूने होतं.

तिला समाधानचा राग आला, छापखान्याचा आला, आणि ज्यांना आता काही विचारता येणार नव्हतं त्या माणसाचा सर्वांत जास्त आला. तिने पुस्तक टेबलावर आपटलं. कव्हर निसटलं आणि आतून घडी घातलेला एक कागद खाली पडला.

मोतीराम सर पुस्तकाच्या पानावर रेघ ओढू देत नसत. स्वतःलाही नाही. कागदावर त्यांचं तिरकं अक्षर होतं: "पान ४१. ३७ अंश. छापील आकडा साफ चूक. हवे ०.६०१८१५०. प्रकाशकास पत्र, १२ जून १९८७. उत्तर नाही. दुसरे पत्र, ३ ऑगस्ट. उत्तर नाही. तिसरे पत्र, १९ नोव्हेंबर. बेजबाबदार, निर्लज्ज माणसे!"

समाधानने तिच्या खांद्यावरून वाचलं. "मॅडम, सरपण लय रागीट होते का?"

"हो."

"मग बरोबरे."

ती हसली नाही, पण त्याला रागावलीही नाही. "तुझा आकडा बरोबर होता," ती म्हणाली. "केलेलं सगळं परत फिरव. आणि टेस्टमध्ये सदतीससमोर या कागदावरचा आकडा टाक."

साडेतीनला नव्वदच्या नव्वद खुणा हिरव्या झाल्या. रूपाली चुकांच्या नोंदीचा फॉर्म भरायला बसली. चूक: संदर्भ पुस्तक, ३७ अंश. शोधणारे: मोतीराम सर, सायखेडा. सापडल्याची तारीख: १२ जून १९८७.

"अगं, तेव्हा कंपनी कुठे होती?" प्रफुल्ल सर मागून म्हणाले. "आजची टाक."

"तारखेला हात लावायचा नाही, सर."

तिचा आवाज ऐकून सर केबिनमध्ये परत गेले. शेवटचा रकाना होता, 'शोधणाऱ्यास दिलेले उत्तर'. तो नेहमी रिकामाच सोडत. रूपालीने वडिलांचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग तिने टाइप केलं:

'आपले बरोबर आहे. दुरुस्ती केली. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व.'