एका फाइलीची मालकीण

कंपनीनं आपली पंचवीस वर्षं कुलुपात ठेवलेली, संगणक चालवणारी युनिक्स प्रणाली खुली करायचं ठरवलं. तिचा सगळा कोड आता कुणालाही बघता-वापरता येणार होता. भर बैठकीत काकांनी छाती ठोकून सांगितलं, की माझ्या चारशे फाइलींची कुणी काळजी करू नका. "सगळं माझ्या हातचं आहे. डोळे मिटून सही करतो."

काका म्हणजे ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. कंपनीच्या वकीलबाईंनी मात्र त्यांना डोळे उघडे ठेवून सह्या करायला बसवलं. ज्यानं फाइल लिहिली त्याची सही, मगच ती परवान्यासकट बाहेर, असा नियम होता. काकांनी तीनशे नव्याण्णव सह्या झपाझप ठोकल्या आणि शेवटच्या कागदावर पेन अडलं. ती फाइल मशीन बंद करण्याची होती. चालू कामं एकेक करून आवरायची आणि मग दिवा मालवायचा, एवढंच तिचं काम. काकांनी पेन झटकलं, चष्मा पुसला, पाणी प्यायले, आणि उद्या करतो म्हणाले.

एवढं पुरलं. जेवणाच्या सुट्टीत कळलं, की काकांनी कोड ढापलाय. चहाच्या वेळेपर्यंत तो कुठून ढापला हेही सर्वांना ठाऊक झालं! साहेबांनी घोषणा पुढे ढकलली. काका म्हणाले, ती फाइल मी नव्यानं लिहून देतो. दिलीही. ती घातल्यावर चाचणीची अकराही मशीनं बंद व्हायला तयार होईनात. बंद करावीत तर पुन्हा सुरू होत. शेवटी शिपायानं वायरी उपटल्या.

तेव्हा काका वकीलबाईंच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "ती फाइल आमच्या हिनं लिहिलीय."

बावीस वर्षांपूर्वी मुदत तोंडावर आलेली असताना काका टायफॉइडनं आडवे झाले होते. काकूही प्रोग्रॅमरच, पण बाळासाठी नोकरी सोडून घरी बसलेल्या. त्यांनी तीन दुपारी बसून ते काम उरकलं. बाहेरच्या माणसाचं नाव चालणार नाही म्हणून काकांनी स्वतःचं घातलं. कंपनीनं खूश होऊन त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि काकू ते स्वयंपाकघरात रोज बघत आल्या. त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच काकांच्या मनाला खात होतं.

वकीलबाईंचा जीव भांड्यात पडला. काकूंची सही आणा की झालं, म्हणाल्या. काकांचा जीव मात्र तिथून घरापर्यंत टांगणीलाच होता.

काकूंनी ओट्याशी उभं राहून परवाना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ऑफिसात हे कष्ट कुणी घेतले नव्हते. फाइल कुणीही घ्यावी, बदलावी, वाटावी; फक्त लिहिणाऱ्याचं नाव कायम ठेवावं, असं त्यात होतं.

"म्हणजे परक्या माणसानंही माझं नाव पुसायचं नाही?"

"नाही," काका म्हणाले. "मी तर ते घातलंच नाही. चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

काकूंनी सही केली. मग कांदा वगैरे काही चिरलेला नसताना डोळे पुसले. काकांना फार बरं वाटलं.

प्रणाली खुली झाली, फाइलीवर काकूंचं नाव झळकलं. आठवड्याभरात कुठल्याशा दूरच्या प्रोग्रॅमरचं काकूंना पत्र आलं. इतका नेटका कोड क्वचित पाहिला, असं त्यानं लिहिलं होतं. फक्त एकशे चाळिसाव्या ओळीमुळे मशीन बंद होताना उगाच दहा सेकंद खोळंबतं.

काकूंनी चष्मा लावून ओळ पाहिली. "ही माझी नाही."

"माझी आहे," काका खाली बघत म्हणाले. "तेव्हा वाटलं, आपलंही काहीतरी असावं त्यात."

"मग तेवढ्या ओळीपुढे तुमचं नाव लिहा," काकू म्हणाल्या. "लोकांचा माझ्याबद्दल गैरसमज नको."