चढाच्या पायथ्याशी

गाडी चढावर आधी रांगली, मग खोकली आणि मग चक्क नको म्हणाली. कंपाउंडरांनी ती हळूच मागे घेऊन पायथ्याशी लावली आणि लेकीला फोन केला. लेकीचं सासर चढाच्या माथ्यावर, आणि कंपाउंडरांचे गुडघे पायी चढायला केव्हाच नकार देऊन बसलेले. लेक ओल्या हातांनीच धावत खाली आली, शेजारच्या सीटवर बसली, आणि बापलेक तासभर पोटभर बोलले.

आता वर गेलं की काय व्हायचं, तेही सांगायला हवं. वरची माणसं सोन्यासारखी. पण कंपाउंडर टेकले रे टेकले की व्याही आपल्या गोळ्यांची पिशवी उलटी करायचे आणि एकेक गोळी पुढे धरून "ही कशाची?" विचारायचे. विहीणबाई आग्रह करकरून खाऊ घालायच्या. लेक दिसायची ती ट्रे धरलेल्या दोन हातांपुरती. बायको गेल्यापासून कंपाउंडर आठवडाभर भिंतींशी बोलत. रविवारी लेकीचा आवाज कानात साठवायला येत, आणि भरल्या पोटानं, रिकाम्या कानांनी परत जात.

म्हणून मेकॅनिकनं निदान सांगितलं तेव्हा त्यांनी चेहरा पाडला खरा, पण आतून देवाचे आभारच मानले. गाडीचा धूर स्वच्छ करणारे दोन डबे असतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ते दोन्ही तुंबलेत, गाडीला श्वासच सोडता येत नाही, असं तो म्हणाला. बदला, नाहीतर भंगारात घाला.

"विचार करतो," कंपाउंडर म्हणाले.

विचार चांगला लांबला. रविवारामागून रविवार गाडी पायथ्याशी थांबू लागली आणि लेक खाली येऊ लागली. पण जावई पडला जीव लावणारा. सासरे रस्त्यावर बसतात हे त्याला बघवेना. कंपाउंडर म्हणाले, पार्ट मिळत नाही. त्यानं संध्याकाळपर्यंत शोधून काढला. म्हणाले, मेकॅनिक गावाला गेलाय. त्यानं आपला पाठवला. शेवटी म्हणाले, गाडीचं वय झालं, या वयात एवढं ऑपरेशन कशाला.

"वयाचं काढू नका, बाबा," जावई फोनवर हळूच म्हणाला, "आतल्या खोलीत आमचे बाबा ऐकतायत. पैसे मी भरतो."

झालं. कंपाउंडरांचा स्वाभिमान उसळला. जावयाच्या पैशानं माझी गाडी? मी स्वतः भरीन, असं ते ताडकन बोलून गेले, आणि आपल्याच तोंडानं आपण होकार दिला हे त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

पुढच्या रविवारी गाडी चढ असा चढली, जणू कधी आजारीच नव्हती. वर सगळे दारात उभे. कंपाउंडरांना सोफ्यावर बसवलं. पिशवी उलटी झाली. दोन गोळ्या नवीन होत्या. दारातून ट्रे आला. कंपाउंडरांनी वर पाहिलं, आणि लेकीला त्यांची नजर बघवेना. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सासूकडे वळली.

"आई, एक सांगायचं राहिलं. नवे डबे बसवले की गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवावी लागते. नाहीतर परत तुंबतात. दर रविवारी, जेवणानंतर, एक तास."

मेकॅनिक असं एका शब्दानंही बोलला नव्हता.

"किती दिवस?" व्याह्यांनी विचारलं.

"कोर्स अर्धवट सोडून चालत नाही," कंपाउंडर गंभीरपणे म्हणाले.

"मग एकटे कसे जातील? तू जा बरोबर," विहीणबाई सुनेला म्हणाल्या.

"मीही येतो," व्याही पिशवी आवरत उठले. "वाटेत बाकीच्या गोळ्या बघून होतील."

विहीणबाईंनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. "तुमच्या ओझ्यानं परत तुंबली तर?"

मग त्या फाटकापर्यंत आल्या. त्यांचे वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. गाडीच्या काचेशी वाकून सुनेला म्हणाल्या, "तासाचं काय घेऊन बसलीस? दीड लागला तरी लागू दे. चांगली मोकळी होऊ दे गाडी."