सर्दीवाल्याचा शोध

समुपदेशनाच्या खोलीचं दार आतून गादीसारखं जाडजूड करून घेतलेलं होतं. आतलं दुःख आत राहावं, बाहेरचा गोंगाट बाहेर राहावा. पण कॉलेज छोटं, खोल्या कमी; त्यामुळे सूचना देण्याचा माईकही याच खोलीत, पडद्याआडच्या कोपऱ्यात ठेवलेला. त्या दिवशी शिपाईकाका आले, "फाटकासमोर सायकली लावू नका" असं साऱ्या इमारतीला दरडावलं आणि बटण तसंच चालू ठेवून चहाला निघून गेले.

पाठोपाठ पहिल्या वर्षाचा एक मुलगा आत आला. नाक लालबुंद, आवाज सर्दीने पार बसलेला. खुर्चीच्या काठावर असा टेकला, की खुर्चीलाही त्याचा त्रास होऊ नये.

"बोल बाळा," मॅडम म्हणाल्या. "इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही."

हे वाक्य व्हरांड्यातल्या, कँटीनमधल्या आणि जिन्यातल्या कर्ण्यांनी खणखणीत ऐकवलं.

"मॅडम, मी डबा रोज एकटाच खातो. नळामागच्या पायरीवर. वसतिगृहात सगळ्यांना टोपणनावं आहेत. एकाला पाल म्हणतात, एकाला टमरेल. मला कुणी काहीच म्हणत नाही. साधं माकड म्हणायला काय जातं हो?"

"आणि घरी काय सांगतोस?"

"खूप मित्र आहेत म्हणून सांगतो. आई नावं विचारते. मग मी सर घेतात त्या हजेरीतली सांगतो. ओळीनं."

कँटीनमध्ये चमचा हातात थांबला, घास ओठात थांबला. नळ तेवढा गळत राहिला. गादीच्या दाराआड मात्र काहीच पोचत नव्हतं. शेवटी शिपाईकाकांनी दार ढकललं आणि हातवारे करत पडद्याकडे बोट दाखवलं. उघड्या दारातून मॅडमना स्वतःचाच आवाज ऐकू आला, "अहो काका, दार वाजवायचं तरी!"

काकांनी झेप घालून बटण बंद केलं. तोवर जिना धडधडायला लागला होता. मुलगा घाबरून पडद्याआड शिरला. खोलीत ही गर्दी! सगळ्यांच्या पुढे जनरल, म्हणजे तिसऱ्या वर्षाची उंचनिंच मुलगी. तिच्यापुढे प्राध्यापकही रांगेत उभे राहत.

"मॅडम, कुठंय तो?"

"कोण तो? मी काही सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. डोळे मात्र भरून आले होते त्यांचे. बटणाच्या अपराधानं काकांनीही तोंडाला कुलूप घातलं.

गर्दीच्या मागच्या टोकाला पडदा हलला आणि मुलगा हळूच पोरांत मिसळला. जनरल वळली ती नेमकी त्याच्यासमोर.

"तू बघितलंस का रे त्याला?"

"न... नाही."

"मग नुसता खांबासारखा उभा काय? चल शोधायला!"

आणि तो स्वतःला शोधायला निघाला.

कर्ण्यातला आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येई. सर्दीपलीकडे कुणाला काही ओळखू आलं नव्हतं. त्यामुळे जो एकटा दिसेल तो संशयित. गणिताचे सर जिन्याखाली निवांत उकडलेलं अंडं सोलत बसले होते. त्यांच्याभोवती सहा डबे येऊन बसले. ग्रंथपालबाईंनी पुस्तकात डोकं खुपसलं, तर दोघींनी खांद्यावर हात टाकून विचारलं, "मनात काय आहे?" पोरं एकटी पाणी प्यायलाही भिऊ लागली. एकत्र जेवून जेवून सर्दी घरोघर गेली आणि तो पुरावाही नाकातून वाहून गेला.

सगळ्यांत हुशारीनं शोधायचा तो हाच पहिल्या वर्षाचा मुलगा. "एकटा माणूस नळामागे बसतो," "एकटा माणूस घंटा व्हायच्या आधीच डबा संपवतो," असं अचूक सांगायचा.

"तुला रे कसं कळतं हे?" टमरेलनं विचारलं.

"अंदाज," तो म्हणाला आणि आलेली शिंक गिळली.

"इन्स्पेक्टर आहे रे हा!" जनरल म्हणाली. नाव तिथल्या तिथे चिकटलं. त्या संध्याकाळी आईला फोनवर त्यानं हजेरीतली नावं सांगितली नाहीत. पाल, टमरेल, जनरल अशी सांगितली. "ही कसली रे मुलं?" आई म्हणाली.

मग हा जथा प्राचार्यांच्या खोलीत शिरला. तापले की शिट्टी देतात म्हणून त्यांना पोरं पाठीमागे कुकर म्हणत.

"सर, तुम्ही एकटे जेवता?"

"मी प्राचार्य आहे!"

"म्हणूनच सर. जास्तच एकटे," म्हणत जनरलनं फायली सरकवून डबा उघडला.

आठवडाभर असंच चाललं. शेवटी प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. माईक त्यांनी आपल्या टेबलावर, जबाबदार माणसाजवळ, आणून ठेवला होता.

"हा तमाशा थांबवा. सोमवारी तो मुलगा माझ्यापुढे हजर करा. नाहीतर तुमच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवतो."

"मी त्याला शब्द दिलाय, सर."

"तो सगळ्या कॉलेजनं ऐकलाय!"

"म्हणूनच मोडता येत नाही."

दाराबाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरनं हे ऐकलं. त्याच्या हातातला डबा जड झाला. तो मॅडमच्या मागोमाग गेला.

"मी सांगून टाकतो, मॅडम. तुमची खोली जायला नको."

"आणि तुझं काय?"

"शोध संपेल. मग कोण कशाला माझ्याबरोबर फिरेल? सापडलो की मी परत हरवणार."

मॅडमनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी काही सांगणार नाही. तुझं तू ठरव."

सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या जरा आधी तो प्राचार्यांच्या दारात उभा राहिला.

"सर, तो सर्दीवाला... मीच तो. मॅडमच्या खोलीत खुर्च्या ठेवू नका."

प्राचार्य चटकन उठले. आता शिट्टी होणार म्हणून पोरानं डोळे मिटले. पण सरांनी आधी दार लावलं. मग माईकचं बटण पाहिलं. तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा खाली वाकून पिनच भिंतीतून उपसून काढली.

"आणखी कुणाला सांगितलंस?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग सांगू नकोस." ते खुर्चीत टेकले. टेबलावर आज एकही फाईल नव्हती. उघड्या खणात कोऱ्या चमच्यांची जुडी चमकत होती आणि खुर्चीशेजारी भला मोठा डबा होता. "तू सापडलास, तर उद्यापासून इथे कोण येणार? शोध चालू राहू दे. मॅडमच्या खुर्च्यांचं मी बघतो."

बाहेर घंटा झाली. व्हरांड्यात पावलं वाजू लागली आणि जनरलची हाक आली, "ए इन्स्पेक्टर, कुठं उलथलास?"

प्राचार्यांनी घाईघाईनं चमचे टेबलावर मांडले आणि चेहरा पुन्हा कडक केला. तरी राहवेना, म्हणून अगदी हळू विचारलं, "काय रे, मलाही काही नाव असेलच ना? काय म्हणतात मला?"

पोरानं सांगितलं.

प्राचार्यांनी डोळे वटारले. मग मिशीतल्या मिशीत हसू दाबत, बराच वेळ डब्याचं झाकण उघडत बसले.

"कोणी ठेवलं?"

इन्स्पेक्टर दार उघडता उघडता वळला आणि अगदी मॅडमच्या सुरात म्हणाला, "सर, इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही."