बापूरावांच्या सव्वीस चुका

बापूराव झाडे गणित सोडवताना डुलतात. बसून त्यांना गणित येत नाही. चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. त्यांची सगळी आकडेमोड चालत्या गाडीत, उभ्यानं, एका हातानं वरचा दांडा धरून झालेली. निवृत्त झाल्यावर समुद्रपूरच्या घरात खुर्चीवर बसून त्यांनी नातीचं एक गणित करून पाहिलं, आणि ते चुकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्लंबरला बोलावून समोरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाण्याचा लोखंडी पाइप ठोकून घेतला. बरोबर एस.टी.तल्या उंचीवर. त्याला धरून ते उभे राहतात, अंगाला हलका झोल देतात, आणि मग वर्गसमीकरण असो की शेकडेवारी, कशाचीच त्यांना अडचण येत नाही. त्यांच्या पत्नी इंदूकाकू त्या पाइपवर टॉवेल वाळत घालायच्या. आता त्या मुलाकडे पुण्याला असतात, नातीला सांभाळायला. बापूराव जात नाहीत. म्हणतात, "तिथं डुलायले जागा नाई."

आमची ओळख मोबाइलवरची. शाळा सुटलेल्या बायांना घरबसल्या दहावीला बसवायचं म्हणून नाचणगावच्या प्रज्ञाताईंनी 'दुपारची शाळा' नावाचा गट काढला. त्या निवृत्त परिचारिका. विज्ञान त्या शिकवतात, आणि आम्हा सगळ्यांना दरडावतातही त्याच. बापूरावांकडे गणित आहे. मी भोयर, सिंदीला एका शाळेत गणिताचा मास्तर. शाळा सकाळची असल्यानं दुपार मोकळी, म्हणून टिपणं लिहून देतो. खेड्यांत व्हिडिओ कॉल टिकत नाही. त्यामुळे बापूराव फळ्यावर एक पायरी लिहून तिचा दोन मिनिटांचा व्हिडिओ गटावर टाकतात, बाया लिहून उत्तर देतात, मग पुढची पायरी. नवीन बाईला पहिले आठवडाभर वाटतं की आपलं नेट हलतंय.

उत्तर बरोबर आलं की ते तिकिटाचा जुना पंच मोबाइलजवळ धरून दोनदा वाजवतात. पुढच्या पायरीला निघताना म्हणतात, "चला, डबल!" आणि तास संपवताना रोज, न चुकता, "कोणी राह्यलं का?" हे विचारून ते खरोखर थांबतात. 'अमुक टाइप करत आहे' ही ओळ वर दिसली की तिच्याकडे असे बघतात, जसं मागून धावत येणाऱ्या बाईकडे दारातून बघावं. "थांबा. कोणी तरी येऊन राह्यलं," असं सांगतात आणि ती बाई पोहोचेपर्यंत घंटी देत नाहीत.

आमच्या गटात एक पद्धत आहे, तिला आम्ही 'मागचा बाक' म्हणतो. एक जण शिकवत असताना दुसऱ्यानं गुपचूप मागे बसायचं, कोणाला अडलं तर मदत करायची, शिकवणाऱ्याचं काही सुटलं तर सांभाळायचं. प्रज्ञाताईंच्या मागं मी असतो, माझ्या टिपणांमागं त्या, आणि बापूरावांच्या मागच्या बाकावरही मीच. इथूनच माझा गुन्हा सुरू होतो.

बापूराव चुकायचे. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. बरोबरच्या खुणेपलीकडे संख्या नेताना चिन्ह बदलायचं विसरायचे, कंस अर्धवट सोडायचे. पाढ्यात मात्र कधीच नाही. पाढा चुकणं हे त्यांच्या लेखी सरळ पाप होतं. "पाढा चुकला तर गाडीच्या खाली उतरा लागते," असं ते म्हणत. पण बाकीच्या चुका इतक्या ठळक असत की मला राहवत नसे. मी तत्काळ लिहायचो, "ऋण संख्येचा वर्ग धन असतो. कृपया विद्यार्थिनींनी दुरुस्ती करून घ्यावी." खाली बाया हात जोडायच्या, टाळ्यांची चित्रं टाकायच्या. कबूलच करतो, मला ते आवडायचं. सत्तावीस वर्षं मी वर्गात शिकवतो आहे, पण माझ्या दुरुस्तीला टाळ्या पडल्या त्या फक्त तिथं. बापूराव वाद घालायचे नाहीत. पंच वाजवायचे आणि "बरोबर, सर" म्हणून पुढे जायचे.

मग वंदनाचं झालं. वंदना समुद्रपूरजवळच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवते. नववीत शाळा सुटलेली. पाच महिने गटात होती, पण एक अक्षर लिहिलं नव्हतं. तास संपला की अंगठ्याचं चित्र टाकायची, एवढंच. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तसं तिनं प्रज्ञाताईंना कळवलं, की भरू का नको ते ठरत नाही, आपल्याला काही येतं असं वाटत नाही. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी, बापूरावांनी उणे पाचचा वर्ग उणे पंचवीस लिहिल्यावर, वर ओळ उमटली, 'वंदना टाइप करत आहे'. मी ती पाहिली होती. पाहूनही मी माझं "कृपया दुरुस्ती करून घ्यावी" पाठवून दिलं. ओळ पुसली गेली. दुसऱ्या दिवशी वंदना गटातून बाहेर पडली.

मी तिच्या जाण्याचं खापर बापूरावांवर फोडलं. शिकवणाराच असा चुकत असेल तर ती बिचारी कशावर विश्वास ठेवणार, असं मला मनापासून वाटलं. तीन महिन्यांतल्या त्यांच्या चुका मी तारखेसकट टिपून ठेवल्या होत्या. त्यांची यादी संगणकावर छापली आणि दोन बस बदलून समुद्रपूरला गेलो. आता वय झालं, थोडे दिवस विश्रांती घ्या, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. वाक्यही पाठ केलं होतं.

मी उंच माणूस, दारातून आत शिरलो तर कपाळ पाइपवर आपटलं. बापूरावांनी बर्फ दिला, चहा दिला, आणि मी ती यादी त्यांच्या हातात दिली. ते उठून दांडा धरून उभे राहिले आणि डुलत डुलत यादी वाचली. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "तेवीसच? सव्वीस पाह्यजे होत्या."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. रोजच्या चौकटीत दुधाची नोंद होती, अर्धा लिटर. आठवड्यातल्या दोन चौकटींत त्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं. 'चिन्ह विसरणे.' 'कंस.' 'उणे पाचचा वर्ग.' सकाळी दूध घेतलं की त्या दिवशी कुठं चुकायचं ते ठरवून ते लिहून ठेवत. आणि प्रत्येक चुकीखाली, ती पकडणाऱ्याचं नाव. भोयर सर. भोयर सर. भोयर सर. पानं उलटत गेलो, तेवीस चौकटींत माझंच नाव. उरलेल्या तीन चौकटींत तीन वेगवेगळ्या बायांची नावं होती. एकदा मी लग्नाला गेलो होतो, एकदा ताप होता आणि एकदा माझा मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला होता.

"ज्या बाईनं एकदा माही चूक पकडली ना सर, ते मंग गप नाई राह्यत," बापूराव म्हणाले. "या तिघी पाहा, आता कशा भांडतेत माह्याशी."

"मला आधी सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर तुम्ही न पाह्यल्यासारखं केलं असतं. तुमाले नाटक जमत नाई. मी म्हटलं, कधी तरी तुमचं नेट जाईन." त्यांनी कॅलेंडरची पानं परत जागेवर आणली. "सिंदीचं नेट बाप्पा कधीच जात नाई."

मी मान खाली घातली. माझ्या कपाळावरचा बर्फ वितळून त्यांनी परत दिलेल्या यादीवर टपकत होता. मग ते फार हळू बोलले. "सर, तुम्ही केव्हाचेच पास झाले. आता दुसऱ्या कोणाले पकडू द्या."

त्याच बैठकीत त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी एका फाट्यावर शाळेची एक मुलगी रोज धावत यायची. एका दिवशी गाडीला उशीर झालेला, ती पन्नास पावलांवर, आणि यांनी डबल बेल दिली. दोनचार दिवस असंच झालं. मग ती यायचीच बंद झाली. मी विचारलं, वंदनाच का ती? ते म्हणाले, काहीतरीच काय, ती आता वंदनाहून कितीतरी मोठी असेल, आणि तिचं नाव त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. म्हणून तर विचारता येत नाही कोणाला, म्हणाले.

वंदनाला परत आणायचं काम त्यांनी माझ्यावरच टाकलं. समजावू नका, भाषण देऊ नका, एवढी ताकीद दिली. मी सिंदीला परतून तिला फोन केला आणि त्या दुपारी घाई केल्याबद्दल माफी मागितली. ती घाबरली. मास्तरनं माफी मागितल्याचा तिला अनुभव नसावा. मी विचारलं, त्या दिवशी तू काय लिहीत होतीस?

"अधिक पंचवीस," ती म्हणाली.

"मग पुसलं काऊन?"

"तुम्ही लिवलं होतं ना सर. एकच गोष्ट दोनदा काय लिवाची."

मी तिला गटाची लिंक परत पाठवली.

ती गटात परत आली. प्रज्ञाताईंनी शेवटच्या दिवशी तिच्याकडून फॉर्मही भरून घेतला. पण पेपरला बसेन का ते सांगता येत नाही, असं ती म्हणायची, आणि अंगठ्यापलीकडे काही लिहीत नव्हती. बापूराव तिच्यासाठी चुका रचत होते. कॅलेंडरवर 'वंदनासाठी सोपी' असं लिहायचे. ती ओळ कधी उमटायची, कधी विझायची. मी तास चालू असताना चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसायचो, म्हणजे हात मोकळे राहत नसत. दुसऱ्याच बाया चूक पकडायच्या. वंदना नाही.

परीक्षा जवळ आली तसा मी उजळणीसाठी अधूनमधून समुद्रपूरलाच जाऊ लागलो. बापूराव डुलत लिहायचे, मी मोबाइल धरायचो. त्या दुपारी क्षेत्रफळाचं साधं गणित होतं. बापूराव म्हणाले, "सतरा आठे एकशे सव्वीस," आणि तसंच फळ्यावर लिहिलं.

माझ्या मनात आलं, आजची चूक फारच ढोबळ ठेवली यांनी. व्हिडिओ गटावर गेला. आणि मग मला आठवलं की पाढ्यात हे कधी चुकत नाहीत, ठरवूनसुद्धा नाही. मी कॅलेंडरकडे पाहिलं. आजच्या चौकटीत दूध अर्धा लिटर होतं. त्याखाली काहीच नव्हतं.

ते पुढच्या पायरीला निघालेच होते. "चला, ड..."

मोबाइलवर ओळ उमटली होती. 'वंदना टाइप करत आहे.'

"थांबा काका," मी म्हणालो. "कोणी तरी येऊन राह्यलं."

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. इथं थांबायचं काय कारण, हे त्यांना कळेना. ओळ विझली. पुन्हा उमटली. माझ्या जिभेवर एकशे छत्तीस इतकं जड झालं होतं की मी ओठ दाताखाली धरले. मग अक्षरं आली.

"काका सतरा आठे एकशे छत्तीस होते ना. का माह्यं चुकते?"

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. बापूरावांचं डुलणं थांबलं. त्यांनी मजकूर वाचला, मग फळा वाचला, मग पुन्हा मजकूर. त्यांनी पंच उचलला, मोबाइलजवळ नेला आणि दोनदा वाजवला. "बरोबर आहे, वंदनाताई," ते रोजच्याच आवाजात म्हणाले. "पकडलं तुम्ही मले."

गटात टाळ्यांची रांग लागली. प्रज्ञाताईंनी तीनदा टाळ्या पाठवल्या. सगळ्यांच्या खाली वंदनाची एक ओळ आली, "मंग बसीन मी पेपरले."

उरलेलं गणित बापूरावांनी नीट पुरं केलं. मी मोबाइल बंद करून खिशात ठेवला. ते कॅलेंडरपाशी गेले, पेन्सिल घेतली आणि आजच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, 'सतरा आठे'. खाली लिहिलं, 'वंदना'. दोन्ही शब्द त्यांनी सावकाश, टापटीप काढले.

"चौतीस वर्षांत नव्हतं चुकलं, सर," ते पाठमोरेच म्हणाले. "उद्यापासून मागचा बाक सोडू नका. लक्ष ठेवजा."

"ठेवतो."

"अन् काही दिसलं तं?"

"आधी तीन मिनिटं थांबतो. कोणीच नाही आलं तर सांगतो. तेही तुम्हालाच, गटावर नाही."

त्यांनी मान डोलवली. परत येऊन त्यांनी दांडा धरला, पण ते डुलले नाहीत. फळ्यावर खोडलेल्या त्या एकशे सव्वीसकडे पाहत राहिले.

"कोणी राह्यलं का, सर?"

मोबाइल तर केव्हाच बंद होता. मी उठलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन तो पाइप धरला.

"कोणी नाई, काका," मी म्हणालो. "सगळे गाडीत आहेत."